‘डाउट’ नको, ‘हंच’ म्हणा

आजचा शब्द छोटासा आहे, ‘हंच’. हातात पुरावा काही नाही, पण आतून वाटतंय की असंच असणार, तो हंच.

आता हा शब्द कशाला हवा? आपण मराठीत म्हणतो, “मला शंका आहे की सर्व्हरचाच प्रॉब्लेम आहे.” म्हणजे आपलं बोट सर्व्हरकडेच असतं. आमच्या टीममधला एक जण क्लायंट कॉलवर हेच बोलला, “आय डाउट इट्स द सर्व्हर.” पलीकडच्या अमेरिकन इंजिनिअरने सर्व्हर यादीतून काढून टाकला आणि दोन तास भलतीकडेच शोधत बसला. कारण त्याच्या इंग्रजीत त्याचा अर्थ होतो, ‘सर्व्हरचा असेल असं मला नाही वाटत’. बरोब्बर उलटा! तिथे हवं होतं, “आय हॅव अ हंच इट्स द सर्व्हर.”

‘गेस’ पण चालला असता, पण गेस म्हणजे तुक्कासुद्धा असू शकतो. हंच त्याच्या एक पायरी वर. आणि ‘इंट्यूशन’ ही माणसाकडे असलेली जाण. हंच त्या त्या वेळेपुरता.

शब्दाची गोष्टही भारी आहे. पूर्वी इंग्रजीत हंच म्हणजे ढकलणं, धक्का देणं. ‘हंचबॅक’मध्ये तो कुबडासाठी आला. आतून वाटण्याचा अर्थ अमेरिकेत रुळला, साधारण 1900 नंतर. कुबड असलेल्या माणसाला हात लावला की डाव लागतो, अशी तिथल्या जुगाऱ्यांची समजूत होती, त्यावरून तो आला असं सांगतात. (समजूत अगदीच वाईट, पण जुगाराचा वास शब्दाला अजून आहे.) म्हणून ‘प्ले अ हंच’ म्हणजे मनाचा कौल घेऊन डाव टाकायचा.

“ऑन अ हंच, आय चेक्ड द लॉग्ज” असंही म्हणतात: सहज मनात आलं म्हणून लॉग्ज बघितले. फक्त “आय हंच दॅट...” म्हणू नका. क्रियापद केलंत की अर्थ होतो पाठीला पोक काढणं, आपण लॅपटॉपसमोर बसतो ना, तसं.

मराठीत जवळचं काय? शंकेची पाल चुकचुकते, पण ती वाईटासाठीच. हंच चांगल्याचाही असतो: “ही पोरगी इंटरव्ह्यू काढणार!” तुमच्याकडे याला काय म्हणतात? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.