माळावरचे शेजारी



ज्युबिलीच्या सोहळ्यांत पाखरांवर व्याख्यान कशाला, अशी शंका आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत आली असेल. ती रास्त आहे व तिचें उत्तर देणें हें आमचें कर्तव्य आहे. ज्या भूमीवर आपण राहतों, त्या भूमीवर परमेश्वरानें आपल्या आधीं कोणाकोणांस वसविलें, हें जाणून घेणें हा कृतज्ञतेचाच एक भाग होय. १९७९ सालीं पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीं असिसीच्या संत फ्रान्सिस ह्यांस सृष्टिरक्षणाचें कार्य करणाऱ्यांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें. आणि २०१५ सालीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं आपल्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकांत पृथ्वीस आपणां सर्वांचें सामायिक घर म्हटलें. तेव्हां हा विषय देवळाच्या दाराबाहेरचा नाहीं. तथापि आज आम्ही प्रवचन करणार नाहीं. शिरूर अनंतपाळच्या शिवारांतील पाखरांविषयीं चार शब्द बोलणार आहों.

आपल्या राज्यांत दरवर्षीं ५ ते १२ नोव्हेंबर हे दिवस ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळले जातात. २०२० सालीं शासनानें त्यास मान्यता दिली. ह्या तारखा दोन थोर पुरुषांच्या जन्मदिवसांवरून ठरल्या आहेत. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली ह्यांचा, व १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली ह्यांचा. सलीम अलींनीं १९३१–३२ च्या सुमारास हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची शास्त्रीय पाहणी केली. आपला हा मुलूख तेव्हां त्याच संस्थानांत होता. चितमपल्ली हे वनाधिकारी. वनांत राहणाऱ्या साध्या माणसांकडून त्यांनीं पशुपक्ष्यांचीं नांवें व सवयी आयुष्यभर टिपून घेतल्या आणि मराठीस ‘पक्षीकोश’ दिला. २०२५ च्या जून महिन्यांत ते निवर्तले. एकानें शास्त्राच्या शिस्तीनें पाखरूं पाहिलें, दुसऱ्यानें तें लोकांच्या तोंडूनही ऐकलें. गांवोगांवच्या पक्षी-व्याख्यानांत ह्या दोन्ही रीतींचा मेळ असावा, असें आमचें मत आहे. जो व्याख्याता रंगीत चित्रें दाखवून निघून जातो, तो श्रोत्यांची करमणूक करतो. पण शिवारांत त्याच्या मागें कांहीं उरत नाहीं.

आतां आपलें शिवार पाहूं. आपला हा बालाघाटाचा पठारी मुलूख. मांजरा नदीचें खोरें, घरणी व साकोळ येथील जलाशय, काळ्या जमिनीचीं शेतें, आणि मध्यें मध्यें मुरमाड गवताळ माळ, असें ह्याचें रूप आहे. हिवाळ्यांत दख्खनच्या तलावांवर चक्रवाक उतरतात. लडाख व तिबेट येथील उंच सरोवरांकडून हिमालय ओलांडून ते येतात, आणि ह्या दूरच्या पाहुण्यांचें कौतुक सर्वांस असतें. माळावरच्या कायमच्या रहिवाशांकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

माळटिटवी, धाविक, चंडोल, तित्तर, लावा हीं पाखरें झाडावर घरटें बांधीत नाहींत; जमिनीवरच अंडीं घालतात. माळटिटवी खड्यांच्या मधोमध बहुधा चार अंडीं घालते. त्यांचा रंग मातीचा व ठिपके खड्यांसारखे. माणूस चार पावलांवरून गेला तरी तीं त्यास दिसत नाहींत. कोणी जवळ आलें म्हणजे ती ओरडत दूर जाते व येणाऱ्याचें लक्ष आपल्याकडे ओढून घेते. टिटवी ओरडली कीं अशुभ, असें मानणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं ती आई आहे. ती आपल्या पिलांवरचें संकट सांगत असते, आपल्या घरावरचें नव्हे. तिच्या विणीचा हंगाम मुख्यतः मार्च ते मे. नेमक्या ह्याच दिवसांत आपल्याकडे बांध व माळ पेटवून देण्याची चाल आहे. त्या आगींत काय काय जळतें, तें पेटविणाऱ्यास कळतही नाहीं.

माळास आपण ‘पडीक’ म्हणतों. एकदां पडीक म्हटलें, कीं तो नांगरावा, त्याचा मुरूम उपसावा, अथवा पुण्यकर्म म्हणून त्यावर झाडें लावावीं, असें सुचूं लागतें. झाडें लावणें हें सत्कृत्य आहे. परंतु तें जागा पाहून करावें. गवताच्या माळावर दाट झाडी उभी राहिली, म्हणजे उघड्यावर राहणारें पाखरूं तेथून निघून जातें, आणि फांदीवर बसलेल्या कावळ्यास त्याचीं अंडीं-पिलें हेरणें सोपें होतें. वड, पिंपळ व उंबर गांवांत, देवळाच्या आवारांत, ओढ्याच्या कांठीं लावावे. त्यांच्या फळांवर हरियाल, म्हणजे आपल्या राज्याचा पक्षी, पोसतो. माळ मात्र माळच राहूं द्यावा.

माळ गेला म्हणजे काय होतें, ह्याची साक्ष माळढोक देतो. हा पक्षी एवढा थोर, कीं नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी एका विणीस बहुधा एकच अंडें घालते, तेंही उघड्या जमिनीवर. त्याच्या रक्षणासाठीं १९७९ सालीं सोलापूर जिल्ह्यांत नान्नज येथें अभयारण्य झालें. परंतु दख्खनचे माळ शेतीखालीं गेले, वरून विजेच्या तारा आल्या. आणि जड अंगाच्या, समोरचें कमी दिसणाऱ्या ह्या पक्ष्यास त्या तारा ऐन वेळीं चुकवितां येत नाहींत. आज साऱ्या जगांत अदमासें दीडशेंच माळढोक उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानांत आहेत. ज्याच्या नांवांतच माळ आहे, तो माळाबरोबर गेला.

आतां शेतकरी बंधूंची तक्रार ऐकली पाहिजे; कारण पाखरांचें कौतुक करणें सोपें, पण पीक त्यांचें जातें. हिवाळ्यांत भोरड्यांचे थवेच्या थवे ज्वारीवर पडतात. ज्वारीचें पीक मोठें होतें तेव्हां माळ्यावर उभें राहून गोफणीनें राखण करावी लागे. पुढें सोयाबीन आलें, ज्वारी घटली, आणि राखणदाराबरोबर पाखरांची ओळखही मागें पडली. ह्याच भोरड्या उन्हाळ्यांत मध्य आशियांत जाऊन वीण करतात व टोळ आणि नाकतोडे खाऊन पिलें वाढवितात. चीनच्या शिंज्यांग प्रांतांत १९८० नंतर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून ह्याच पाखरांसाठीं दगड रचून घरट्यांची सोय करण्यांत आली. आपल्या शेतांत घांसभर ज्वारी खाणारें पाखरूं दूरच्या कोणा पशुपालकाचें कुरण राखीत असतें.

काळविटांची गोष्ट अधिक बिकट आहे. त्यांचा कळप सोयाबीनचे व हरभऱ्याचे कोंवळे शेंडे खाऊन जातो. नुकसान खरें असतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यांची शिकार बंद आहे, आणि पिकाच्या नुकसानीबद्दल वनखात्याकडे भरपाई मागण्याचीही सोय आहे. ज्यास ही सोय ठाऊक नाहीं, तो रागानें फासा लावतो व स्वतःच गुन्हेगार ठरतो. व्याख्यात्यानें काळविटाच्या डोळ्यांचें वर्णन केलें, पण भरपाईचा अर्ज कोठें व कसा करावा हें सांगितलें नाहीं, तर त्याचें अर्धें काम राहिलेंच म्हणावयाचें.

म्हणून येत्या पक्षी सप्ताहासाठीं आमच्या कांहीं सूचना आहेत. एक दिवस व्याख्यात्यानें ऐकावें आणि गांवानें बोलावें. मेंढपाळ, राखण केलेले म्हातारे, खुरपणीस जाणाऱ्या स्त्रिया ह्यांस ज्या पाखरांचीं नांवें ठाऊक आहेत, तीं मुलांनीं एका वहींत उतरवून घ्यावीं. ही वही धर्मग्रामांत जपून ठेवावी व दरवर्षीं तींत भर घालावी. दुसऱ्या दिवशीं पहाटे सर्वांनीं मिळून माळावर जावें. दुर्बीण नसली तरी अडत नाहीं, उगाच बडबड नसली म्हणजे झालें. तिसरें, उन्हाळ्यांत आपला बांध पेटविणार नाहीं, एवढा नेम प्रत्येक घरानें करावा. चौथें, ज्याच्या वाट्यास माळाचा तुकडा आहे, त्यानें त्यांतला थोडा तरी न नांगरतां गवतासाठीं राखावा. गुरांस चारा होईल आणि टिटवीस घर.

ह्या गोष्टी लहान दिसतात. परंतु टिटवीदेखील समुद्र आटविते, असें आपले पूर्वज उगाच म्हणत नव्हते. माळढोक आपणांस परत आणतां येईल कीं नाहीं, हें आपल्या हातीं नाहीं. माळटिटवी आणि धाविक आज ज्या माळावर आहेत, तो राखणें मात्र सर्वस्वीं आपल्याच हातीं आहे.