उपकेंद्रातल्या सीएचओ मॅडमना काय काय यायला हवं?



आरोग्याचा विषय निघाला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "उपकेंद्रात डॉक्टर नाही, मग तिथं जाऊन करायचं काय?"

डॉक्टर नसले तरी तिथं सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. 2018 नंतर ही नेमणूक सुरू झाली. त्या बीएएमएस किंवा नर्सिंग शिकलेल्या असतात आणि गावपातळीवरच्या आरोग्यसेवेचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या असतात. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. त्यांना काय यायला हवं हे आपल्याला माहीत असेल, तरच आपण ते हक्कानं मागू.

पहिलं, बीपी नीट मोजणं. डोक्यावरचा हंडा उतरवून आलात आणि लगेच पट्टा बांधला, तर आकडा चुकीचा येतो. पाच मिनिटं बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, बाही वर केलेली. 140/90 किंवा त्याहून जास्त आलं तर पुन्हा मोजायचं.

दुसरं, दुखत नसताना आजार शोधणं. तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकीचं बीपी आणि साखर तपासायची. त्याशिवाय तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, या तिन्हींची तपासणी. आपल्यात मिश्री लावणाऱ्या कितीजणी आहेत! तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम सीएचओंच्या नजरेला पडायला हवी. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी उपकेंद्रात होत नसेल, तर ती कुठं आणि कधी होईल हे त्यांनी सांगायला हवं. तपासताना पडदा हवा आणि आधी आपली परवानगीही.

तिसरं, औषधाची शिस्त. बीपी-साखरेचं औषध डॉक्टर ठरवतात, दर महिन्याच्या गोळ्या उपकेंद्रातून मिळतात. गरज पडली तर ई-संजीवनीवर सीएचओ डॉक्टरांशी बोलणं करून देतात. आपण म्हणतो, "मॅडम, एक सुई टोचा, बरं वाटेल." गरज नसेल तिथं "नाही" म्हणणं आणि का नाही ते समजावणं, हेसुद्धा कौशल्यच आहे. त्यावर रुसू नका.

चौथं आणि सगळ्यात मोठं, आपली मर्यादा ओळखून वेळेत पुढं पाठवणं. गरोदर बाईचं डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येते, चेहरा-हात सुजलेत, बीपी वाढलंय, तर "उद्या बघू" चालत नाही. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल, तरी तसंच. 108 ला फोन करायचा, पुढच्या दवाखान्याला कळवायचं आणि चिठ्ठीवर काय आढळलं, काय औषध दिलं ते लिहायचं. चिठ्ठीशिवाय गेलेल्या बाईची कहाणी तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि तेवढा वेळ तिच्याकडं नसतो.

पाचवं, बोलणं. आपल्याला कळेल अशा शब्दांत सांगणं, आणि एकीची गोष्ट दुसरीसमोर न काढणं.

आता आपलं काम. उपकेंद्रात गेल्यावर चार प्रश्न विचारा: माझा आकडा किती आला? त्याचा अर्थ काय? पुन्हा कधी येऊ? काय झालं तर थांबायचं नाही? उत्तरं गटातल्या लिहित्या बाईकडून वहीत लिहून घ्या. विचारलं म्हणजे मॅडमचा अपमान होत नाही.

कधी मॅडम हुशार असतात, पण बीपीचं मशीन बंद किंवा साखर तपासायच्या पट्ट्या संपलेल्या. त्याचा राग त्यांच्यावर काढू नका. उपकेंद्राची जन आरोग्य समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष असतात आणि बचत गटाच्या बायांनाही तिथं जागा आहे. मशीनचा विषय तिथं मांडा आणि कागदावर नोंदवून घ्या.

पुढच्या बैठकीत कर्जाचे हप्ते गोळा झाले की आणखी एक यादी करा: तीस वर्षांपुढच्या कितीजणींची तपासणी राहिली आहे? पुढच्या आठवड्यात त्या सगळ्या मिळून जा. एकटीला संकोच वाटतो, पाचजणींना वाटत नाही.