वर्गातील पडदा व डॉकिंग स्टेशन

शाळेत नवा लॅपटॉप येतो, गुरुजी जुन्या प्रोजेक्टरची केबल हाती घेतात आणि ती जोडावयास जागाच सापडत नाही. व्हीजीएचे रुंद पोर्ट १९८७ सालचे. नव्या पातळ यंत्रांतून ते गेले. पुष्कळ लॅपटॉपांत आता यूएसबी-सीची एकदोन लहान पोर्ट तेवढी उरली आहेत. ही उणीव डॉकिंग स्टेशन भरून काढते. त्याची एक केबल लॅपटॉपला जोडली, की दुसऱ्या अंगास एचडीएमआय, माऊस, पेनड्राइव्ह आणि काही डॉकवर व्हीजीए यांची सोय होते. व्हीजीएतून केवळ चित्र जाते; कवितेचा आवाजही टीव्हीतून यावयाचा असेल तर एचडीएमआयच हवे.

खरा घोटाळा यूएसबी-सीत आहे. मिरज स्थानकात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज व नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. गाडी कोणत्या रुळावर चालेल हे रूळ पाहताच कळे. येथे तशी सोय नाही! पोर्ट दिसावयास सारखी. परंतु काहींतून वीज व फाइली जातात, चित्र जात नाही. यास्तव डॉक घेण्यापूर्वी लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ किंवा ‘थंडरबोल्ट’ हे शब्द शोधावेत. ते नसल्यास ‘डिस्प्लेलिंक’ जातीचा डॉक चालू शकतो. मात्र त्याचे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालावे लागते. मोबाइलच्या चार्जरची केबल बहुधा या कामी येत नाही. सातारा वा सांगलीच्या बाजारात जाताना शाळेचा लॅपटॉपच बरोबर न्यावा व दुकानात पडद्यावर चित्र पाहूनच पैसे द्यावेत. शाळेच्या तुटपुंज्या अनुदानातून दुसरा डॉक घेणे सोपे नसते.

जोडणी झाल्यावर विंडोजची कळ व ‘पी’ एकत्र दाबावी. ‘डुप्लिकेट’ निवडल्यास गुरुजींच्या पडद्यावरील सारे मुलांना दिसते. गुणपत्रक उघडे राहिले, तर एखाद्या मुलाचे चार गुण साऱ्या वर्गासमोर झळकतात. त्या मुलाने मग खाली घातलेली मान लवकर वर येत नाही. ‘एक्स्टेंड’ निवडावे. मोठ्या पडद्यावर पाठ व लॅपटॉपवर हजेरी, गुण, टिपणे अशी विभागणी त्याने होते. टीव्ही बंद करण्यापूर्वी उघड्या खिडक्या लॅपटॉपवर ओढून घ्याव्यात. केबल तशीच राहिली, तर त्या काळ्या पडद्यावर दडून बसतात आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाची पहिली दहा मिनिटे त्या शोधण्यात जातात.