भाकरी कमी केली, मग जोर किती?



आज तालमीविषयी बोलायचे आहे. आम्ही पैलवान नाही. आमचा जन्म शाळेत गेला. पण आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगितली म्हणजे विषय समजेल.

कुस्तीत वजनाचे गट असतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलोच्या गटात खेळले. १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात खेळून त्यांनी कांस्यपदक आणले. ज्या गटात खेळायचे, त्या वजनाच्या आत राहावे लागते.

आमच्या गावच्या एका पोराला ७४ किलोच्या गटात उतरायचे होते. वजन भरले ८०. तो विचारायला आला, "गुरुजी, काय करू?"

आम्ही म्हणालो, "अरे, त्यात काय? भाकरी निम्मी कर, मेहनत दुप्पट कर."

पोर गुणी. रोज ५०० बैठका मारायचा, त्या १००० केल्या. २०० जोरांचे ४०० केले. तीन आठवड्यांत वजन ३ किलो उतरले. आम्ही खूश! पण ४० किलोची नाल तो एका दमात १० वेळा उचलायचा, ती ४ वेळाही उचलेना. गुडघे दुखू लागले. रात्री झोप लागेना. त्याची आई आली. म्हणाली, "गुरुजी, पोरगं उगीच चिडतंय. ह्याला झालंय तरी काय?" आम्ही गप्प बसलो.

मग वस्तादांकडे गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, वैरण निम्मी केली आन् नांगर दुप्पट धरला, तर बैल टिकंल का?"

गोष्ट अशी आहे. मेहनतीने अंग झिजते. ते भरून येते अन्नाने आणि झोपेने. अन्न कमी झाले की भरणे मंदावते. शिवाय पोटाला कमी पडले की शरीर चरबी जाळते, तसे मांसही जाळते. मग मांस वाचवायचे कसे? जड वजन उचलत राहायचे. म्हणजे शरीर ओळखते, की हे मांस कामाचे आहे, ठेवले पाहिजे. म्हणून वस्तादांनी नाल तीच ठेवली, ४० किलोची. फक्त पाच फेऱ्यांच्या तीन केल्या. बैठका ३००, जोर १२०. आठवड्यातून दोन दिवस पुरती विश्रांती.

सर्वांनीच एवढे कमी करावे असे नाही. आपली ताकद पाहावी. नाल पूर्वीइतकीच उचलते आहे, तर फेऱ्या तशाच ठेवा. सलग दोन आठवडे ताकद घटली, तर फेऱ्या कमी करा. वजन मात्र हलके करू नका. ज्यांना साखरेचा आजार किंवा रक्तदाब आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि ऊसतोडीला किंवा खुरपणीला दिवसभर राबणाऱ्यांनी ही उठाठेव करूच नये. त्यांची तालीम शेतातच झाली.

जेवणही सुधारले. चहातली साखर, भजी, फरसाण बंद. भाकरी निम्मी नव्हे, एकच कमी. डाळ, उसळ, दूध, अंडी कमी केली नाहीत, उलट वाढवली. यांत प्रथिने असतात, त्यांनी मांस टिकते. अर्ध्या लिटर दुधात साधारण १६ ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम. आठवड्याला अर्धा किलो उतरले की पुरे, असे वस्तादांनी बजावले.

काही जण आदल्या दिवशी पाणी तोडून वजन उतरवतात. त्याने चरबी जात नाही. अंगातले पाणी जाते. जिवावरही बेतू शकते.

उरलेल्या ३ किलोंना सहा आठवडे लागले. काटा ७४ च्या आत थांबला. नाल पुन्हा ९ वेळा उठू लागली होती. कुस्ती तो हरला, पण गुणांवर. शेवटपर्यंत दम टिकला. घरी येऊन त्याने भाकरी वाढवली, आणि जोरही वाढवले. एकदम नाही, आठवड्याला वीस-वीस.

आता कुणाला काही विचारायचे असेल, तर विचारा.