परड्यातली शेळी आणि शाळेची फी



शिक्षणावर बोलण्यासाठी आपण मला बोलाविले आणि मी शेळीविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या वह्यापुस्तकांचा पैसा परड्यातल्या खुंट्यावरूनच आला आहे, तेव्हा हे विषयांतर मानू नये.

आमचे घर धाराशिव, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले. दादीच्या परड्यात दोन-तीन काळ्या शेळ्या आणि सात-आठ कोंबड्या नेहमी असत. उस्मानाबादी शेळीचे नाव आज दूरवर झाले आहे. दादीला एवढेच ठाऊक होते की ही शेळी पाच महिन्यांनी विते, पुष्कळदा जुळी देते आणि बाभळीच्या शेंगांवरही दिवस काढते. 1972 च्या दुष्काळात आमचे बैल विकावे लागले, शेळ्या टिकल्या.

पाट घरी ठेवायची आणि बोकड बकरी ईदच्या तोंडावर विकायचा, हा तिचा नियम. अंड्यांचे पैसे मीठमिरचीला जात. बोकडाचे पैसे जून महिन्यासाठी लुगड्याच्या घडीत बांधून ठेवलेले असत. शेजारच्या एका विधवा बाईला तिने एक पाट अर्धलीने दिली होती. सांभाळायची त्या बाईने, करडे निम्मी-निम्मी. काही वर्षांत त्या बाईच्या दारात तिच्या स्वतःच्या शेळ्या दिसू लागल्या.

हा पैसा बाईच्या हातातला होता. घरातले पुरुष त्याचा हिशेब मागत नसत. "मुलीला पुढे कशाला शिकवायचे?" असे सगळे म्हणत असताना माझ्या फुफीचे नाव हायस्कुलात घातले गेले, ते याच पैशातून.

पण माताभगिनींनो, एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. पुष्कळ घरी मुलगा शाळेत जातो आणि मुलगी शेळ्यांमागे. ज्या शेळीपायी मुलीची शाळा सुटते, ती शेळी विकलेली बरी. खरे तर विकण्याचीही गरज नाही. कुंपणाला शेवरी, हादगा, सुबाभूळ लावा, चारा खुंट्यावर द्या. दोन-तीन शेळ्यांना राखणदार लागत नाही.

दुसरे, रोगराईचे. पावसाळ्याच्या आधी आंत्रविषाराची लस टोचून घेतली नाही तर कोवळ्या चाऱ्यावर धष्टपुष्ट करडू एका रात्रीत जाते. मानमोडीने कोंबड्यांचे सगळे खुराडे रिकामे होते आणि आपण नशिबाला बोल लावतो. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब द्यावा. त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. हे काम शिकलेल्या मुलांचे आहे. शेळीच्या वासाची लाज वाटून मित्राला परड्यात न नेणारे विद्यार्थी या सभेतही असतील!

विद्यार्थ्यांनो, शंभर पानी वही घ्या. शेळी कधी फळली, कधी व्याली, पेंडीला किती गेले, बोकड कितीला विकला, ते लिहा. पहिल्या पानावर मालकाचे नाव लिहावे लागेल. तिथे आपल्या अम्मीचे नाव लिहा.