उंदराची छाती आणि मोठेबाबांची

मागच्या रोवणीत आमचे साकोलीकडचे मोठेबाबा न्यूमोनियानं दवाखान्यात होते. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "अँटिबायोटिक लागू पडलंय, पण ऑक्सिजन इतक्यात काढता येणार नाही." मला कळेना, जंतू मरून राहिले तर दम का लागतो?

कारण सूज. जंतू शिरले की शरीर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची फौज फुफ्फुसात पाठवतं. त्या जंतूंना मारतात, पण त्यांच्या रसायनांनी हवेच्या पिशव्यांचीही नासधूस होते, पाणी आणि पू साचतो. जंतू गेले तरी हा पसारा लगेच आवरत नाही.

हे बघायचं कुठं? माणसाला मुद्दाम न्यूमोनिया देता येत नाही. म्हणून उंदीर. त्याला भूल देऊन नाकात न्यूमोकोकस जंतूंचे मोजून थेंब सोडतात आणि ठराविक तासांनी फुफ्फुस धुऊन पेशी मोजतात. आधी प्राणी, मग माणूस, हा क्रम आपल्याकडे जुना आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिननं लस आधी सशांना दिली आणि 10 जानेवारी 1897 ला स्वतःला टोचून घेतली.

पण टेस्टिंगला चाललेला कोड प्रॉडक्शनला झोपतो, हे मी दर शुक्रवारी बघतो. माणसाच्या पांढऱ्या पेशींत साधारण निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल असतात, उंदरात बरेच कमी. माणूस आडवा होईल त्याच्या कितीतरी पट जंतुविष उंदीर पचवतो. शिवाय प्रयोगातला उंदीर तरुण आणि निरोगी. मोठेबाबा सत्तरीचे, वर शुगर, वर बिडी!

2013 मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं लिहिलं की सूज आल्यावर उंदराची जनुकं माणसासारखी वागत नाहीत. पुढे जपानी शास्त्रज्ञांनी तोच डेटा घेऊन दाखवलं की छान जुळतात. डेटा तोच, क्वेरी वेगळी. आपल्याला हे नवीन नाही.

म्हणून शेवटचा निकाल माणसांतच लागतो. 2023 मध्ये फ्रान्समध्ये आयसीयूतल्या गंभीर न्यूमोनियाच्या सुमारे 800 रुग्णांवर चाचणी झाली. सूज दाबणारं हायड्रोकॉर्टिसोन दिलेल्यांत 28 दिवसांत 6.2 टक्के दगावले, न दिलेल्यांत 11.9. मात्र हे आयसीयूतलं झालं. मेडिकलमधून स्टेरॉइड आणून घरी घ्याल तर मार खाल.

मोठेबाबा आता घरी आहेत. हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे माझ्याआधी उंदराचीबी छाती भरली होती?" मी हो म्हटलं. बराच वेळ गप्प बसले. धानाच्या कोठीजवळचा सापळा मात्र काढला नाही.