घरच्या मालाला गिऱ्हाईक

श्रोतेहो, घरगुती धंद्याची गोष्ट निघाली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो भांडवलाचा. पैसे कुठून आणायचे? कर्ज कोण देईल? प्रश्न खोटा नाही. परंतु वाणिज्य शिकवताना माझ्या असे पाहण्यात आले आहे की, घरचा धंदा बसतो तो बहुधा भांडवल मिळाले नाही म्हणून नव्हे, तर मिळालेल्या भांडवलाचा माल होऊन तो खाटेखाली पडून राहिला म्हणून. पापड झाले, लोणचे मुरले, मसाला कुटून तयार झाला. आता घेणार कोण? हा प्रश्न माल तयार झाल्यावर विचारला जातो. तो माल तयार होण्याआधी विचारावा, आणि त्याचे उत्तर हाती थोडका पैसा असतानाही कसे शोधावे, एवढेच आज मला आपणांस सांगावयाचे आहे.

उदाहरण आपल्या नित्याच्या परिचयाचे घेऊ. सातारा जिल्ह्यातले एक गाव समजा. तिथल्या एका वहिनींचा कांदा-लसूण मसाला फार चांगला होतो. पाव्हणे जेवून गेले की मसाल्याची चौकशी करतात. वहिनींच्या मनात येते, आपण हा विकायला का काढू नये? कल्पना उत्तम आहे. पण गावात कोणाला विकणार? चैत्र-वैशाखात गावातली घरोघरची बाई मिरच्या वाळवते, डंकावर नेऊन कुटून आणते आणि वर्षाचा मसाला बरणीत भरून वर हिंगाचा खडा ठेवते. ज्याच्या घरी विहीर आहे त्याला पाणी विकता येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की, आपला माल ज्याला हवा आहे, पण ज्याला तो स्वतः करता येत नाही, असा माणूस शोधायचा. तो पुष्कळदा आपल्या डोळ्यांसमोर असतो. तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहिलेली कॉलेजची मुले, बदलीवर आलेले मास्तर, बँकेतले कारकून, दवाखान्यातल्या नर्सबाई, खानावळ चालवणारे, आणि पुण्या-मुंबईला गेलेली आपलीच माणसे. यांच्या जिभेला चव ठाऊक आहे, पण मिरच्या वाळवायला अंगण नाही आणि डंकावर जायला सवड नाही. वहिनींनी एक वही करावी आणि अशी चाळीस नावे लिहून काढावीत. नाव, राहण्याचे ठिकाण, घरात किती माणसे, एवढेच. या वहीला खर्च येतो वीस-पंचवीस रुपये. पण माझ्या मते धंद्याचे पहिले भांडवल हीच वही होय.

आपल्यापैकी अनेकांना वाटेल, ओळखीच्यांना काय विकायचे? लाज वाटते. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचाच हा प्रकार झाला. मोठमोठ्या धंद्यांनी ही लाज बाळगलेली नाही. १९५२ साली केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत परळला घरच्या घरी दंतमंजन तयार करायला सुरुवात केली, तेव्हा ते दारोदार जाऊन विकले गेले. पुढे त्यातूनच विको ही कंपनी वाढली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली, आणि ती गेली भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे. लिज्जत पापड म्हणून आज आपण ओळखतो त्याचा आरंभ तो हा. जाहिरात नव्हती, पाटी नव्हती; ओळख होती. ओळखीचा उपयोग करून घेण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो ओळखीच्या माणसाच्या गळ्यात वाईट माल बांधण्यात.

आता खर्चाचा हिशेब पाहू. पुढचे आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. आपापल्या गावच्या भावाप्रमाणे ते बदलून घ्यावेत. मिरची, खोबरे, तेल, कांदा, लसूण, गरम मसाला, डंकाची कुटणावळ आणि पिशव्या मिळून किलोमागे पाचशे रुपये लागले असे समजा. वहिनींची मेहनत शंभर रुपये धरा. मेहनत धरायचीच, ती फुकट समजायची नाही; बायका इथेच फसतात. झाले सहाशे. विक्री सातशेवीस रुपये किलो. म्हणजे किलोला एकशेवीस आणि अर्ध्या किलोला साठ रुपये नफा.

वहिनींनी काय करावे? हजारभर रुपये घालून हस्तपत्रके छापावीत का? ती वाचून पुड्या बांधायला जातील. त्याऐवजी एक किलो मसाल्याच्या पंचवीस-पंचवीस ग्रॅमच्या चाळीस पुड्या बांधाव्यात, वहीतल्या चाळीस माणसांना नेऊन द्याव्यात आणि म्हणावे, “एकदा आमटीला वापरून बघा, आठवड्याने विचारायला येते.” खर्च सहाशे रुपये, पुडीमागे पंधरा. आठवड्याने चाळीसांतल्या दहांनी अर्धा-अर्धा किलो घेतला, तर नफा दहा साठे सहाशे. म्हणजे पुड्यांचा खर्च बरोबर फिटला. हाती काय उरले? पैसा एकही नाही. पण दहा गिऱ्हाइके उरली. हीच दहा माणसे मसाला संपल्यावर परत आली की पुड्या वाटाव्या लागत नाहीत. नफा सुरू होतो तो तेव्हा.

आणि दहांऐवजी पाचांनीच घेतला तर? मग तीनशे सुटले, तीनशे अंगावर राहिले. एकेक गिऱ्हाईक एकशेवीस रुपयांना पडले. घाबरू नये, ही पाच माणसे दुसऱ्यांदा आली की तेही फिटतात. पण लगेच आणखी चाळीस पुड्याही वाटू नयेत. ज्यांनी घेतला नाही त्यांना आधी विचारावे. कोणी म्हणेल तिखट फार आहे, कोणी म्हणेल अर्धा किलो आमच्या खोलीवर टिकणार नाही, पावकिलो द्या. हे ऐकायला पैसे पडत नाहीत, आणि याच्याइतकी उपयोगी माहिती पैसे देऊनही मिळत नाही.

तेव्हा श्रोतेहो, माझ्या सांगण्याचे सार असे, की पहिली खरेदी ओळखीची असते. दुसरी खरेदी मालाची असते. पहिल्या वेळी माणूस भिडेखातर घेतो, कौतुकाने घेतो, वहिनींचा शब्द मोडवत नाही म्हणून घेतो. त्यावर धंदा उभा राहत नाही. दुसऱ्यांदा तो आपण होऊन निरोप धाडतो, तेव्हा तो गिऱ्हाईक झाला. म्हणून वहीत दोन रकाने करावेत. पहिल्यांदा कधी घेतला, आणि दुसऱ्यांदा कधी. दुसरा रकाना रिकामा राहू लागला तर नवी गिऱ्हाइके शोधत फिरण्यात अर्थ नाही. चूल आणि वजनकाटा तपासावा.

दुसरी खरेदी कशाने येते? एक तर मालाच्या सारखेपणाने. लिज्जतच्या बायकांनी आरंभी दोन प्रतींचे पापड केले होते, एक चांगला आणि एक स्वस्त. त्यांना वडीलधारा सल्ला मिळाला की एकच चांगली प्रत ठेवा आणि तिच्यात कधी उणे करू नका. मिरची महाग झाली म्हणून मिठाचे प्रमाण वाढवले, तर ते गिऱ्हाइकाच्या जिभेला आधी कळते. भाव वाढवावा आणि तसे स्पष्ट सांगावे. माल उतरवू नये. दुसरे, वजन चोख असावे. तिसरे, पिशवीवर चिठ्ठी असावी. तिच्यावर मालाचे नाव, त्यात काय काय आहे, वजन, किंमत, केव्हा केला, केव्हापर्यंत चांगला राहील, आणि करणाऱ्याचे नाव-पत्ता. खाण्याचा पदार्थ विकणाऱ्या लहान धंद्यालाही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी लागते. तिचा चौदा आकडी क्रमांक चिठ्ठीवर येतो. हे काम टाळू नये. खानावळवाला किंवा दुकानदार माल घेताना हा क्रमांक विचारतो, आणि विचारलाच पाहिजे.

आता उधारी. गिऱ्हाईक मिळवण्याचा सर्वांत सोपा दिसणारा आणि सर्वांत महाग पडणारा मार्ग म्हणजे उधारी. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ ही म्हण आपल्या आजीलाही ठाऊक होती. मुंबईच्या गिरणगावात अनेक बायका घरी खानावळ चालवीत. कोकणातून आणि घाटावरून आलेले, बिऱ्हाड गावी ठेवून राहिलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवत. गिऱ्हाइकांची वाण नव्हती. पण कामगार पैसे देणार महिन्याच्या पगाराला, आणि चूल तर रोज पेटवायची. तेव्हा बाई वाण्याकडून उधारीवर चढ्या दराने धान्य आणी. राबणे तिचे आणि लाभ वाण्याचा, असे होई. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याची खटपट केली, ती या कोंडीतून सोडवण्यासाठी. यातून बोध असा की, गिऱ्हाईक भरपूर असूनही धंदा बुडू शकतो. खानावळवाल्याला महिन्याचा माल द्यायचाच झाला, तर निम्मे पैसे आधी आणि राहिलेले पुढचा माल नेताना, असे पहिल्याच दिवशी ठरवावे. भिडस्तपणा आमटीत घालता येत नाही.

दुकानात माल ठेवायचा की नाही, असेही विचारले जाते. ठेवावा, पण घाई करू नये. दुकानदार आपला हिस्सा घेणार, आणि तो वाजवीच आहे. वर सांगितलेल्या हिशेबात त्याला किलोमागे शंभर रुपये दिले तर वहिनींना वीसच उरतात. म्हणून आधी घरून विक्री, मग आठवड्याचा बाजार, बचत गटाचे प्रदर्शन, गावची जत्रा, आणि दुसऱ्या खरेदीची गिऱ्हाइके साठ-सत्तर झाली म्हणजे दुकान. मोबाईल घरोघर आहे, त्याचाही उपयोग करावा. पण रोज सकाळी शंभर जणांना मसाल्याचे चित्र धाडून नव्हे. ज्याने नेला त्याला महिन्याने एक ओळ लिहावी, “मसाला संपत आला असेल, शनिवारी गाडीने पाठवू का?” वहीतल्या तारखा इथे कामाला येतात.

शेवटी, हे भाषण ऐकणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावातल्या पुष्कळ बायकांच्या हाताला चव आहे, मात्र हिशेबाची सवय नाही. आपण त्यांना कर्ज देऊ शकणार नाही. पण वहीचे रकाने आखून देऊ शकाल, चिठ्ठीवरचा मजकूर शुद्ध लिहून देऊ शकाल, नोंदणीचा अर्ज भरून देऊ शकाल. सातवीच्या वर्गात नफा-तोट्याचे गणित घालताना आंब्याच्या करंड्यांऐवजी चाळीस पुड्यांचे गणित घाला. मुले घरी जाऊन आईला विचारतील, “तू तुझी मेहनत धरलीस का?” पुष्कळ घरांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला जाईल. त्याचे उत्तर आकड्यात मांडता आले, की त्या घरातला धंदा निम्मा उभा राहिला म्हणून समजा.